ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय, डिस्क लेथवर मारून घेऊ की सरळ नवीन टाकू?

दुसरा_गिअर
नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, पंधरा वर्षं कधीच उलटून गेली, छोटी हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस वगैरे काही नाही. गेले काही महिने असं होतंय की ८०-९० च्या स्पीडला हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं आणि पेडलखाली पण पायाला धकधक जाणवते, ३०-४० च्या स्पीडला मात्र जवळपास काहीच नाही. ब्रेक न लावता गाडी १०० ला नेली तरी एकदम गप्प असते, म्हणून व्हील बॅलन्सिंगचा विषय नसावा असं वाटतंय. चाक काढून बघितलं तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला बोटाला लागेल एवढी धार आलीये, मधे गोल गोल रेघा आहेत आणि एका बाजूची डिस्क जरा निळसर काळपट दिसते. पॅड अजून अर्धे शिल्लक आहेत. मेकॅनिकने नुसतं बघून सांगितलं की डिस्क वाकल्यात, लेथवर मारून, म्हणजे वरचा थर खरवडून सपाट करून आणतो नाहीतर नवीन टाका. आता माझे प्रश्न असे की लेथवर मारणं चांगलं की नवीन, एकच डिस्क खराब असेल तर एकच बदलली तर चालेल का, पॅड जुनेच ठेवले तर काय होईल, आणि हे काम घरी करण्यासारखं आहे का, पाने-जॅक-स्टँड सगळं आहे माझ्याकडे आणि पॅड मी आधी बदललेत.

स्टेपनी
डिस्क बदला, पॅड बदला, दोन्ही बाजूंचे. विषय संपला. एवढ्या जुन्या गाडीला लेथ कशाला.

तेलकट_हात
विषय एवढ्यात संपत नाही हो स्टेपनीभाऊ, संपला असता तर नवीन डिस्क टाकून परत सहा महिन्यांत थरथर सुरू झाल्याच्या तक्रारी आल्या नसत्या.

दुसरा_गिअर, "डिस्क वाकली" हे गॅरेजमधे सगळेच म्हणतात पण कास्ट आयर्नची डिस्क अशी पापडासारखी वाकत नाही सहसा. होतं काय, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी दोन-तीन शतांश एमएम जाड, पलीकडे पातळ. जाड भाग पॅडमधून गेला की पॅड बाहेर ढकलले जातात, ते पिस्टनला ढकलतात, पिस्टन ब्रेक ऑइलला, आणि ते तुमच्या पायाला कळतं, प्रत्येक फेऱ्याला एकदा किंवा दोनदा. डोळ्याला हा फरक दिसणारच नाही, ०.०२ एमएमला सुद्धा बऱ्याच गाड्या थरथरतात. म्हणून कोणी नुसतं बघून वाकली म्हणत असेल तर त्यावर पैसे खर्च करू नका, आधी मोजा.

आता जाडी का बदलली हा खरा प्रश्न. दोन मुख्य कारणं. एक म्हणजे डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या फिरत्या भागावर, सरळ बसलेली नाही, मधे गंज किंवा कचरा आहे, त्यामुळे फिरताना ती जराशी लंगडते. ब्रेक न लावता गाडी चालत असताना सुद्धा पॅड डिस्कच्या अगदी जवळच असतात, मग ती लंगडणारी जागा दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते, हजारो किलोमीटर तेच चालू राहतं आणि तेवढीच जागा जास्त झिजते. दुसरं कारण म्हणजे पॅडचा थर. ब्रेक खूप तापलेत, उतार उतरून आलात आणि सिग्नलला पेडल दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचं मटेरियल त्याच जागी डिस्कवर चिकटतं. त्या ठिकाणी मग घर्षण जास्त, उष्णता जास्त, आणि पुढे पुढे लोखंडाचा तो पट्टा कडक होत जातो, सिमेंटाइट म्हणतात त्याला. तो बाकीच्या डिस्कपेक्षा कमी झिजतो म्हणजे उंचवटा वाढतच जातो. तुमची निळसर दिसणारी बाजू त्यातली असू शकते, निळा रंग म्हणजे ती डिस्क जरा जास्तच तापलेली आहे. आणि एकच बाजू तापलीये म्हटल्यावर माझा पहिला संशय त्या बाजूच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर, तो ज्यावर सरकतो ती पिन जाम असणार किंवा पिस्टन परत जात नसणार. ते न बघता डिस्क टाकलीत तर नवीन डिस्कपण निळी करून घ्याल.

मायक्रोमीटर
वरच्या सगळ्याला अनुमोदन, मोजायचं कसं तेवढं मी सांगतो कारण नाव घेतलंय तर निभवायला पाहिजे.

आधी जाडी. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर किंवा मधल्या टोपीच्या भागावर बारीक अक्षरात मिनिमम थिकनेस कोरलेली असते, गंजाखाली दबली असेल तर वायर ब्रश मारून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नवीन डिस्क आणि किमान जाडी यात फक्त २ एमएमचा फरक असतो, म्हणजे एका बाजूला १ एमएम. कडेला जी धार आलीये म्हणता ती खरं तर डिस्कची मूळ जाडी आहे, पॅड तिथपर्यंत पोचत नाही म्हणून ती शिल्लक राहिली. साधा व्हर्नियर लावलात तर त्याचे जबडे त्या धारेवर टेकतात आणि जाडी भरपूर आहे असं खोटंच दाखवतात. मायक्रोमीटरच पाहिजे, कोणाकडून तरी आणा. कडेपासून साधारण १० ते १५ एमएम आत, गोल फिरत आठ ठिकाणी खडूने खुणा करून मोजा, आठही आकडे लिहून ठेवा. सगळ्यात कमी आकडा किमान जाडीशी ताडायचा आणि सगळ्यात जास्त वजा सगळ्यात कमी म्हणजे जाडीतला फरक.

मग लंगडणं, म्हणजे रनआउट. त्याला डायल गेज लागतो, मॅग्नेटवाल्या स्टँडचा. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल असते म्हणून चाकाचे नट वॉशर घालून सगळे सारखे आवळा, नाहीतर मोजण्याला अर्थ नाही. त्याआधी हाताने हब हलवून बेअरिंगला खेळ नाही ना बघा. गेजची सुई कडेपासून १० एमएम आत टेकवा, हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० एमएमची मर्यादा असते, तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे असेल ती खरी.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही की जिथे आकडा जास्त आला तिथे डिस्कवर खूण करा आणि समोरच्या स्टडवरपण, म्हणजे चाकाचा नट बसतो त्या बोल्टवर, खूण करा. आता डिस्क काढून चार स्टड असतील तर दोन भोकं पुढे फिरवून परत बसवा, परत मोजा. उंच जागा डिस्कबरोबर फिरली तर डिस्क दोषी. उंच जागा त्याच स्टडजवळ राहिली तर हब दोषी, मग तुम्ही जगातली सगळ्यात भारी डिस्क टाका, ती लंगडणारच.

गोगलगाय
हे सगळं वाचून मला एकच कळलं की मी गॅरेजलाच देईन 🙂 पण एक विचारू का, माझी गाडी पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकला खरखर करते आणि डिस्कवर केशरी गंज दिसतो, ते पण डिस्क बदलायला आली म्हणायचं का?

तेलकट_हात
नाही हो, तो वरवरचा गंज. उघडं लोखंड आहे, ओलं झालं की काही तासांत केशरी होतं, गाडी धुतली तरी होतं. चार-पाच वेळा नीट ब्रेक लावले की पॅड घासून साफ करतात. धुतल्या धुतल्या गाडी झाकून ठेवून देऊ नका, एक चक्कर मारून ब्रेक वाळवून मग लावा, एवढंच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर मात्र वेगळी गोष्ट, पॅडच्या खाली झाकलेली जागा आणि उघडी जागा वेगवेगळी गंजते आणि पॅडच्या आकाराचा डाग कायमचा बसतो, तिथे खड्डे पडले की ते जात नाहीत. आणि गाडी चालू वापरात असून सुद्धा डिस्कच्या आतल्या बाजूला, जी चाक काढल्याशिवाय दिसत नाही, तिथे गंजाचा गोल पट्टा राहत असेल तर तिथला पॅड डिस्कला लागतच नाहीये असं समजा. बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेली अशा डिस्क मी ढिगाने बघितल्यात.

दुसरा_गिअर
मंडळी खूप धन्यवाद, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी सगळं उघडून बसलो होतो, मायक्रोमीटर आणि डायल गेज दोन्ही एका मित्राच्या वर्कशॉपमधून आणले. आकडे देतो.

डिस्कवर किमान जाडी २० एमएम कोरलीये. उजवी डिस्क सगळ्यात पातळ जागी २०.६१, आठ जागांतला फरक ०.०१. डावी, जी निळसर आहे ती, सगळ्यात पातळ जागी २०.३८ आणि फरक ०.०३. रनआउट उजव्या बाजूला ०.०४, डाव्या बाजूला ०.१२. मायक्रोमीटर यांनी सांगितलं तसं डावी डिस्क दोन भोकं फिरवून परत मोजलं, आकडा ०.१३ आला आणि उंच जागा त्याच स्टडपाशी राहिली. म्हणजे हब? डिस्क काढल्यावर हबच्या तोंडावर गंजाची पापुद्रे आलेली खपली होती, नखाने निघत होती अशी. आणि डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने हलतच नाही, वरची मस्त हलते. आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या जवळजवळ निम्माच उरलाय, बाहेरचा बघून मी अर्धे शिल्लक म्हणालो होतो.

तेलकट_हात
घ्या, सगळी कुंडलीच निघाली. पिन जाम, त्यामुळे कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटा दाबला जातो आणि सुटताना पण नीट सुटत नाही, डिस्क तापत राहते. वर हबवर गंज. ०.०३ ची झीज कुठून आली ते आता शोधायला नको.

एक लक्षात घ्या, हबचं तोंड लहान असतं आणि डिस्क मोठी. त्यामुळे हबच्या कडेला गंजाचा कण जेवढा जाड असेल त्याच्या जवळपास दुप्पट लंगडणं डिस्कच्या बाहेरच्या कडेला दिसतं. म्हणून पापुद्र्याएवढा गंज पण पुरतो.

उतारावरचा
मी जरा वेगळं मत मांडतो. २०.३८ आहे ना, मग लेथवर दोन्ही बाजूंनी मिळून ०.१५-०.२० घेतलं तर २०.२ राहते, किमानच्या वर आहे. जुन्या डिस्कचं लोखंड चांगलं असतं, बाजारात ज्या स्वस्त डिस्क मिळतात त्यातल्या काही तर डब्यातून काढल्यावरच रनआउट दाखवतात. मी माझ्या गाडीच्या एकदा मारून घेतल्या होत्या, व्यवस्थित चालल्या.

मायक्रोमीटर
उतारावरचा यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, डिस्क जाड असती तर मी पण लेथ म्हणालो असतो. पण तो २० चा आकडा म्हणजे लेथवर मारून इथपर्यंत आणा असा नाहीये, वापरात झिजून इथे आली की फेकून द्या असा आहे. २०.२ ला बसवलेली डिस्क नवीन पॅडचं आयुष्य संपायच्या आत २० च्या खाली जाणार, म्हणजे परत हेच सगळं उघडायचं. शिवाय पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला लोखंड कमी, तोच ब्रेक दाबला तरी ती जास्त तापते. आणि निळा पट्टा असलेली डिस्क लेथवर घेतली की वरून साफ दिसते पण कडक झालेला भाग खोलवर असेल तर थोड्या दिवसांत परत तिथेच उंचवटा येतो.

बाकी डिस्क काढून साध्या लेथवर मारली तर ती लेथच्या अक्षाला सरळ होते, तुमच्या हबला नाही. गाडीवरच बसवून मारायचं मशीन असतं, ते असेल तर हबसकट जमतं. ते नसेल तर या केसमधे नवीनच.

उतारावरचा
मान्य, निळ्या डिस्कचं लक्षात आलं नव्हतं. उजवी तर चांगली आहे मग ती ठेवता येईल ना?

तेलकट_हात
ठेवू नका. एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड एकदमच. एका बाजूला नवी करकरीत आणि दुसऱ्या बाजूला रेघा पडलेली असली की पहिले काही दिवस दोन्ही चाकांना पकड सारखी नसते, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की गाडी एकीकडे ओढते. आणि जुने पॅड नव्या डिस्कवर नकोच, जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या रेघांचा छाप असतो, सपाट डिस्कला तो उंचवट्यांवरच टेकतो.

स्टेपनी
म्हणजे शेवटी मी पहिल्या दिवशी सांगितलं तेच 😄

तेलकट_हात
हो पण हब साफ करून आणि पिन सोडवून 😄

दुसरा_गिअर
हा हा. ठरलं, दोन्ही डिस्क आणि पॅड नवीन. भोकं पाडलेल्या किंवा रेघा मारलेल्या डिस्क पण मिळतायत माझ्या गाडीला, दिसायला एक नंबर, त्या घेऊ का? आणि बसवताना काय काय काळजी घ्यायची ते कोणी सविस्तर लिहील का, पॅड बदललेत पण डिस्क कधी काढून नवीन बसवलेली नाही.

पान्याचा_पोरगा
भोकाच्या नका घेऊ रोजच्या गाडीला. भोकाच्या कडेपासून बारीक तडे जातात आणि लोखंडपण कमी. साधी, आतून पोकळ पंखे असलेली, कंपनीच्या मापाची डिस्क बास आहे. पैसे उरले तर ते चांगल्या पॅडला घाला.

बसवायचं सांगतो, रोजचं काम आहे माझं. मोबाईलवरून टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

आधी नट चाक जमिनीवर असतानाच जरा सैल करा, मग गाडी उचला, स्टँड लावा, मागच्या चाकाला अडसर लावा, जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही कधीच. कॅलिपर सोडला की तो ब्रेकच्या होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लटकवून ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. जुन्या गाडीचा होज आतून सुटलेला असतो कधी कधी, त्याला हिसका बसला की आतली रबरची पापडी झडपेसारखी वागते, ऑइल जातं पण परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. तुमची डावी बाजू तापण्याचं हेही कारण असू शकतं म्हणून पिन साफ झाल्यावर चाक हाताने फिरवून बघा, पेडल दाबून सोडल्यावर लगेच मोकळं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर ब्लीड निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा स्क्रू, सैल करा, तेवढ्याने चाक मोकळं झालं तर दाब आत अडकलाय, होज बघा. तरीही जाम असेल तर पिस्टन.

डिस्क बहुतेक एक किंवा दोन छोट्या स्क्रूने हबला धरलेली असते. जुन्या गाडीत हे स्क्रू हमखास गंजलेले. साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकं खराब करून घेऊ नका, आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, दोन फटक्यांत सुटतो. स्क्रू निघाले तरी डिस्क चिकटलेली असेल तर टोपीच्या भागावर आट्याची दोन भोकं आहेत का बघा, बऱ्याच डिस्कवर असतात, बहुतेक ८ एमएमची. त्यात दोन बोल्ट घालून थोडं इकडचं थोडं तिकडचं असे आवळत गेलं की डिस्क स्वतःच उठून येते. घणाघाती ठोकाठोकी नको, बेअरिंगची वाट लागते.

आणि हो, हे सगळं तुमची डिस्क हबच्या बाहेरून बसणारी आहे म्हणून एवढं सोपं आहे. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागे असते, हब-बेअरिंग प्रेसवर काढल्याशिवाय निघत नाही. आणखी जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तर हब आणि डिस्क एकच नग, त्यात टेपर बेअरिंग ग्रीस भरून सेट करावी लागतात. ज्यांची तशी गाडी आहे त्यांनी हे वाचून रविवारी सकाळी सुरुवात करू नये.

हब साफ करणं हे खरं काम, यात घाई नको. वायर ब्रश, मग एमरी पेपर, स्टडच्या बुडाभोवती गोल गोल घासा कारण गंज तिथेच लपतो, मधल्या गोल कॉलरची कड पण साफ करा. बोट फिरवलं की गुळगुळीत लागलं पाहिजे. हबच्या तोंडावर ग्रीस थापू नका, फार तर मधल्या कॉलरवर अँटी-सीझचा अगदी पुसटसा हात, म्हणजे पुढच्या वेळी डिस्क चिकटणार नाही. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसून काढा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. राख-धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, जुन्या पॅडमधे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, मास्क लावा आणि क्लीनरने ओली करून पुसा.

पिन बाहेर काढून जुनं वाळलेलं ग्रीस पूर्ण साफ करायचं, पिनवर खड्डे असतील तर पिनच बदला, नुसतं पॉलिश पेपर मारून परत घालू नका. पिनवरचे रबरी बूट फाटले असतील तर ते पण. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीच येतं ते. बेअरिंगचं साधं ग्रीस घातलं की रबर फुगतं आणि पिन परत जाम. खूप लोक इथेच फसतात.

पिस्टन आत ढकलताना बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा आणि पातळी बघत राहा, आधी कोणी वरपर्यंत भरून ठेवलं असेल तर ओसंडतं आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. लगेच पाण्याने धुवा. ज्यांच्या मागे पण डिस्क आहे आणि हँडब्रेक कॅलिपरमधेच आहे त्यांनी पिस्टन दाबून नाही, फिरवून आत घालायचा असतो, बहुतेक गाड्यांत. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड.

मायक्रोमीटर
पान्याचा_पोरगा यांनी जवळपास सगळं लिहिलं. फक्त जोड देतो. नवीन डिस्क बसवली की कॅलिपर लावायच्या आधी परत एकदा डायल गेज लावा, पाच मिनिटांचं काम. ०.०५ च्या आत आला तर उत्तम, नाही आला तर डिस्क एक एक भोक फिरवत बघा, कुठल्या तरी जागी हबची आणि डिस्कची चूक एकमेकांना खाते आणि आकडा खाली येतो. ती जागा सापडली की स्क्रूचं भोक जुळत नसेल तर स्क्रू नसला तरी चालतं, चाकाचे नट डिस्कला धरतातच.

आणि चाकाचे नट! एअरगनने एकेक नट पूर्ण आवळत गेलं की डिस्क वाकडी दाबली जाते, म्हणजे एवढं हब घासून परत तेच. समोरासमोरचे असे दोन-तीन फेऱ्यांत आवळा, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळायच्या पान्याने. छोट्या गाड्यांचं साधारण ९० ते १२० न्यूटन मीटरमधे असतं, नक्की आकडा मॅन्युअलमधून घ्या.

तेलकट_हात
आणि सगळं बसवून झाल्यावर गाडी चालू करून हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल हळूहळू दाबत राहायचं, कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेत, पहिलं एक-दोनदा पेडल थेट जमिनीला लागेल. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली आणि मागच्या भिंतीला नेऊन लावली असे लोक आहेत, हसू नका.

ब्रेक ऑइल कधी बदललंय? दोन वर्षांच्या वर झालं असेल तर आता उघडलंच आहे तर तेपण करून टाका. ते हवेतलं पाणी पितं. नवीन डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरलं की ती किमान मर्यादा १५५ वर येते, उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं लागतं. डबीच्या झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलेलं असतं ते बघा. डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही, ५.१ वेगळं, ते चालतं, नावांचा घोळच आहे सगळा.

दुसरा_गिअर
झालं एकदाचं. दोन्ही डिस्क, चारही पॅड, डाव्या बाजूच्या दोन्ही पिन आणि बूट नवीन, ब्रेक ऑइल पण बदललं. खालची पिन काढायला जीव गेला, गरम करून फिरवत फिरवत काढली, निघाली तेव्हा निम्मी पिन गंजून तपकिरी झालेली आणि बूट एका बाजूला फाटलेला, पाणी तिथूनच जात असणार. हब घासल्यावर डाव्या बाजूचा रनआउट ०.०४, उजव्या बाजूचा ०.०३. एकाच स्क्रूने रडवलं, बाकी दोन बोल्टवाली युक्ती भारी आहे, डिस्क आवाज न करता उठून आली.

आता पॅड बसवण्यासाठी, म्हणजे बेडिंग म्हणतात ते, कसं करू? ज्याच्याकडून पॅड घेतले तो म्हणाला काही करायला नको, तसंच चालवा.

पान्याचा_पोरगा
तसंच चालवलं तरी बसतात पण वेळ लागतो आणि मधेच कधी जोरात ब्रेक मारून उभे राहिलात तर पॅडचा ठसा उमटायची भीती. मोकळा रस्ता बघा, मागे कोणी नसताना ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आणा, पूर्ण थांबू नका, सोडा, परत ६०, थोडं अंतर तसंच जाऊ द्या म्हणजे गार होतील, असं दहा-पंधरा वेळा. जरा वास येईल, घाबरू नका. शेवटी ब्रेक न लावता पाच-सात किलोमीटर चालवून थंड करा आणि मगच उभी करा, हँडब्रेक लगेच ओढू नका हे मागे डिस्कवाल्यांना जास्त लागू. पुढचे २००-३०० किलोमीटर उगाच कचकन ब्रेक नको.

उतारावरचा
आणि ते सवयीचं पण. लांब उतारावर पाय ब्रेकवर ठेवून घसटत उतरू नका, खालच्या गिअरला इंजिनवर उतरा, ब्रेक थोडा जोरात लावून सोडून द्यायचा. आणि तापलेल्या ब्रेकने थांबलात तर दोन फूट जागा सोडून थांबा, मग हळू पुढे सरकत राहा म्हणजे पॅड एकाच जागी चिकटून बसत नाही.

गोगलगाय
हे सगळं वाचून मी पण माझ्या पॅडची जाडी बघितली, आतला बघायला मोबाईल चाकाच्या जाळीतून घालून फोटो काढला 😀 पत्र्याची पट्टी सोडून साधारण ३ एमएम दिसतोय, अजून चालवू का?

तेलकट_हात
युक्ती चांगली आहे. ३ म्हणजे बदलायला आलेच समजा, नवीन असताना १० च्या आसपास असतात. आता बदललेत तर पॅडवरच भागेल, अजून ओढलेत तर पत्रा डिस्कवर घासेल आणि मग डिस्कपण जाईल. बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते, तो आवाज आला तर रेडिओ मोठा करायचा नाही.

दुसरा_गिअर
परत मीच. काल हायवेला घेऊन गेलो, १०० वरून ब्रेक लावला, स्टिअरिंग दगडासारखं स्थिर, पेडलला काही नाही. पण एक नवीन सुरू झालंय, हळू चालवताना विशेषतः डावीकडे वळताना पुढून बारीक खर्र खर्र असा पत्र्याचा आवाज येतो, ब्रेक लावला काय न लावला काय सारखाच. परत काही चुकलं का डिस्कमधे?

पान्याचा_पोरगा
डिस्क नाही. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ताटली असते धूळ-चिखल अडवायला, ती काम करताना हात लागून वाकली असणार किंवा मधे खडा अडकलाय. चाक काढा, टॉर्च मारून डिस्क आणि ताटली यातली फट गोल बघत जा, जिथे चकाकणारी ताजी रेघ दिसेल तिथे घासतंय. हाताने किंवा स्क्रूड्रायव्हरने दोन-तीन एमएम मागे ओढा, बास. जुनी असेल तर गंजून कडा गळालेल्या असतात, फार ओढलंत तर तुटेल, बेताने. आणि चाक उतरवलंच आहे तर परत लावताना नट टॉर्क रेंचने चेक करा, नवीन डिस्क बसवल्यावर १०० किलोमीटरनंतर एकदा तसंही बघायचंच असतं.

दुसरा_गिअर
खडाच निघाला, हरभऱ्याएवढा. नट दोन्ही बाजूंचे परत आवळले, डावीकडचा एक पाव फेरा गेला. धागा वाचणाऱ्या पुढच्या माणसासाठी, डाव्या डिस्कचे जुने आठ आकडे आणि नवीन डिस्कचे आठ आकडे दोन्ही फोटोत टाकतोय.